दुरुस्तीसाठी बंद: जुन्या संग्रहालयाचं काम एवढी वर्षं का चालतं?

भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय २००३ मध्ये दुरुस्तीला घेतलं गेलं. २००५ मध्ये त्या कामाला वारसा जतनासाठीचा युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडलं. मग कोविडच्या काळात दारं बंद झाली, त्यापाठोपाठ दुरुस्तीची कामं निघाली, आणि पुन्हा खुलं व्हायला २०२५ उजाडलं. मधल्या काळात मुलांना घेऊन गेलेले लोक बागेतल्या प्राणिसंग्रहालयातले पेंग्विन बघून परत यायचे आणि बंद दाराकडे बघून साहजिकच विचारायचे: एवढा खर्च केला, बक्षीस मिळालं, तरी पंधरा वर्षांत पुन्हा काम कसं काय निघतं? आणि निघालंच तर चार-सहा महिन्यांत उरकत का नाही?

प्रश्न रास्त आहे. ‘सरकारी काम, दुसरं काय’ हे उत्तर तोंडावर असतंच आणि ते अगदीच खोटंही नाही. पण त्यानं सगळा उलगडा होत नाही. जुन्या संग्रहालयाच्या दुरुस्तीत आपल्याला दिसतात ते रंग, सोन्याचा वर्ख, चकचकीत फरशी. ते सगळं शेवटचं काम आणि त्यातल्या त्यात सोपं. वेळ आणि डोकं खातात त्या दोन गोष्टी: पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधणं आणि कोणतं काम कशाच्या आधी करायचं हा क्रम सांभाळणं.

## इमारतही जपायची, आतल्या वस्तूही

आपल्या चाळीची दुरुस्ती निघाली की बिऱ्हाडं संक्रमण शिबिरात जातात आणि काम सुरू होतं. संग्रहालयात बिऱ्हाड म्हणजे मातीच्या छोट्या मूर्ती, कागदाचे नकाशे, चांदीची भांडी, हस्तिदंती कोरीवकाम, कापड. प्रत्येकाची भीती वेगळी. कागद आणि कापड उजेडाला भितात. त्यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू नये असा संग्रहालयांमध्ये संकेत आहे. लक्स हे प्रकाश मोजायचं एकक. आपल्या ऑफिसातल्या टेबलावर चारेकशे लक्स सहज असतात, यावरून ५० म्हणजे किती मंद ते समजावं. चांदी काळवंडते, हस्तिदंत हवेतला ओलावा एकदम बदलला की तडकतो, कच्च्या मातीला ओल चालत नाही.

आणि इथं इमारत हीसुद्धा एक संग्रहातली वस्तूच. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची पायाभरणी १८६२ मध्ये झाली आणि ते खुलं झालं २ मे १८७२ रोजी. म्हणजे बांधायलाही दहा वर्षं लागली होती. मध्येच पैसे संपले होते. तेव्हा उशिराची तक्रार करताना एवढं ध्यानात असू द्यावं. आत बिडाचे नक्षीदार खांब, इंग्लंडहून आणलेल्या मिंटनच्या फरश्या, कोरीव लाकूड. त्यातलं काहीही ‘फुटलं तर नवं आणू’ म्हणण्यासारखं नाही.

त्यामुळे गवंडी आत पाऊल टाकण्याआधी महिनोन्‌महिने जे काम चालतं ते कारकुनी वाटावं असं असतं. प्रत्येक वस्तूला क्रमांक, फोटो, आणि तिची आजची अवस्था कागदावर: डाव्या हाताचं बोट आधीच तुटलेलं, पायथ्याशी केसाएवढी चीर. हे लिहून ठेवलं नाही तर परत मांडताना ‘हे आधीचं की आत्ता झालं’ याचा निवाडा कोणालाच करता येत नाही. मग आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळणं, पेटीवर क्रमांक, पेटी कोणत्या खोलीत कोणत्या फळीवर त्याची नोंद.

हलवाहलव किती महागात पडते त्याचा दाखला याच संग्रहालयाच्या अंगणात उभा आहे. घारापुरी बेटाला जिच्यावरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ नाव दिलं ती दगडी हत्तीची मूर्ती. १८६४ मध्ये ती इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते पुढे राणीच्या बागेत आले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. तुटायला एक दिवस, जोडायला पन्नास वर्षं.

## डाग इथे, गळती तिथे

भिंतीवर ओल दिसली की दिवाळीआधी आपण पुट्टी मारून रंग देतो. पुढच्या श्रावणात त्याच जागी पोपडे निघतात. कारण पाणी येण्याची वाट तशीच राहिलेली असते. जुन्या इमारतीत ही वाट लांबलचक असते. छपराच्या सांध्यातून शिरलेलं पाणी तुळईवरून सरपटत जातं आणि वीस फूट लांब, भलत्याच दालनाच्या छतावर उमटतं. ज्यानं डागाच्या वर छप्पर उकललं तो फसला.

म्हणून पहिली पायरी पाहणीची. इमारतीचं मोजमाप घेऊन नकाशे काढतात, कारण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे मूळ नकाशे असले तरी प्रत्यक्षात बदल झालेले असतात. मग एक पूर्ण पावसाळा इमारतीकडे नुसतं बघण्यात जातो. निधी देणाऱ्याला हे पटवणं महाकठीण: ‘पैसे तयार आहेत, माणसं तयार आहेत आणि तुम्ही पाऊस बघत बसणार?’ होय, बसावंच लागतं.

भेगांचंही तसंच. भेग दिसली म्हणून लगेच बुजवायची नाही. तिच्यावर आडवी एक पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवतात आणि बाजूला तारीख लिहितात. काही महिन्यांत पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय, म्हणजे पाया किंवा आधाराकडे बघायला हवं. पट्टी शाबूत राहिली तर ती भेग जुनी, शांत झालेली. भरून टाकली तरी चालते. पाच-दहा रुपयांची काच लाखोंचं काम वाचवते किंवा काढते.

रंगाचा शोध याहून बारीक. भिंतीचा काडेपेटीएवढा तुकडा निवडून शस्त्रक्रियेच्या धारदार पात्यानं एकेक थर खरवडायचा. वर सरकारी क्रीम रंग, त्याखाली निळा, त्याखाली चुना, पुन्हा हिरवा, असं करत मूळ थरापर्यंत पोचायचं. प्रत्येक थराची छोटी पायरी उघडी ठेवतात, म्हणजे भिंतीचा सगळा इतिहास बोटभर जागेत दिसतो. मूळ रंग ‘छान दिसेल’ म्हणून ठरत नाही, असा सापडावा लागतो. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जगभरच्या संवर्धकांनी मान्य केलेल्या नियमावलीत, याबद्दल स्पष्ट सांगितलंय: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जुनं रूप परत आणण्याचं काम थांबलं पाहिजे. आपल्याकडे गावोगावी दगडी मंदिरांना ऑइल पेंट फासून आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स लावून ‘जीर्णोद्धार’ होतात, त्यांना हे एक वाक्य तरी कोणी वाचून दाखवायला हवं.

## सिमेंट चांगलं की मजबूत, मग चुना कशाला?

हा आक्षेप हमखास येतो, इंजिनिअर मंडळींकडूनही येतो.

जुन्या जाड भिंती दगड-विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. त्या पाणी थोडं पितात आणि ऊन पडलं की सोडतात. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्यानं वाफ बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की भिंतीला भर मे महिन्यात रेनकोट घातल्यासारखं होतं: बाहेरचं पाणी अडलं म्हणावं तर आतला घाम आतच. अडकलेलं पाणी क्षार घेऊन फिरतं, सुकताना त्या क्षारांचे स्फटिक दगडाच्या आतच फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. सिमेंट मजबूत असतं हे खरंच, पण इथे तीच अडचण आहे. भिंत हलली, फुगली, आकसली की दोघांतलं जे मऊ ते फुटतं. चुना मऊ असेल तर चुना फुटतो आणि तो पुन्हा भरता येतो. सिमेंट असेल तर दीडशे वर्षांचा दगड फुटतो.

चुन्याला मात्र घाई सोसत नाही. चुनखडी भाजून कळीचा चुना करतात, पाण्यात टाकून तो फुलवतात, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून चुन्याच्या घाण्यात मळतात. कुठे कुठे गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायची जुनी रीत आहे. भिंतीवर लागल्यावर साधा चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषत हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. दोन थरांमध्ये थांबावं लागतं, ओला ठेवावा लागतो, कडक उन्हापासून झाकावा लागतो. हे जाणणारा गवंडी आज सहजी मिळत नाही, म्हणून पुष्कळदा कामावरच माणसं शिकवून तयार करावी लागतात.

लोखंडाची गोष्ट वेगळी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत दगडाबरोबर त्या काळी नवंनवं आलेलं आरसीसी, म्हणजे आत लोखंडी सळया घातलेलं काँक्रीटही वापरलेलं आहे. जॉर्ज विटेट यांनी आखलेली ही इमारत १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालय म्हणून खुली झाली. काँक्रीट ताजं असतं तेव्हा आतल्या सळईला गंजू देत नाही. पण हवेतला कार्बन डायॉक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत जातो, तसं हे संरक्षण उतरतं. त्यात मुंबईची खारी हवा. सळई गंजली की तिचा आकार वाढतो आणि ती आतून काँक्रीट फोडते. शताब्दीच्या सुमारास झालेल्या या इमारतीच्या संवर्धनाला २०२२ मध्ये युनेस्कोचा तोच सर्वोच्च पुरस्कार मिळाला. कोविडच्या अडचणी पार करून काम केल्याची परीक्षकांनी खास दखल घेतली.

## वरून खाली, बाहेरून आत

क्रम असा असतो: आधी छप्पर, मग पन्हाळी आणि पाणी खाली नेणारे पाइप, मग बाहेरच्या भिंती. मग भिंती सुकू द्यायच्या. त्यानंतर वायरिंग, आतला गिलावा, लाकूडकाम, रंग, वर्ख. मग काचेची कपाटं, आणि सगळ्यात शेवटी वस्तू.

यातली ‘सुकू द्यायच्या’ ही पायरी कोणत्याच उद्घाटनपत्रिकेत बसत नाही. ढोबळ हिशोब सांगतात तो असा की भिंत एका बाजूनं महिन्याला साधारण इंचभर सुकते. दोन फूट जाडीची भिंत दोन्ही बाजूंनी सुकायची म्हटली तरी वर्ष गेलं. त्यात मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. म्हणजे कोरडे महिने हातात सात-आठ. ज्या छपरावर काम चाललंय त्यावर पावसाळ्यात दुसरं तात्पुरतं छप्पर उभारावं लागतं, आणि त्या परांची-पत्र्यांचा खर्च लोकांना उधळपट्टी वाटतो. क्रम मोडला तर काय होतं? पाहुणे येणार म्हणून आतला रंग आधी उरकला आणि छप्पर नंतर काढलं, तर एका वळवाच्या सरीत रंग, वर्ख आणि अब्रू तिन्ही वाहून जातात.

दुसरी धास्ती आगीची. जुनं लाकूड, उघड्या वायरी, वेल्डिंगच्या ठिणग्या, रंगाचे डबे, आणि संध्याकाळी सहानंतर कोणी नाही. ग्लासगोच्या कलाशाळेची मॅकिंटॉशनं बांधलेली इमारत २०१४ मध्ये जळाली; तिची दुरुस्ती चालू असतानाच जून २०१८ मध्ये पुन्हा पेटली आणि या वेळी आतून जवळजवळ सगळी गेली. पॅरिसच्या नोत्र-दामला एप्रिल २०१९ मध्ये आग लागली तेव्हाही दुरुस्तीचे परांचे चढलेलेच होते. म्हणून जाणते लोक ठिणगी उडेल अशा प्रत्येक कामाला रोजच्या रोज वेगळी लेखी परवानगी घ्यायला लावतात आणि काम थांबल्यावरही माणूस तिथे थांबवून ठेवतात. वेळ जातो. जाऊ द्यावा.

## मालक एक, पैसे दुसऱ्याचे, जाण तिसऱ्याची

भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेचं. पालिकेकडे जागा, कर्मचारी आणि अधिकार. पण गंजलेला बिडाचा खांब कसा वाचवायचा हे रस्ते-गटारं बांधणाऱ्या खात्याला माहीत असेल अशी अपेक्षा धरणं बरं नव्हे. २००३ मध्ये तोडगा निघाला तो त्रिपक्षीय कराराचा: मुंबई महापालिका, निधीसाठी जमनालाल बजाज फाउंडेशन आणि तांत्रिक जाणकारीसाठी इन्टॅक ही वारसा जपणारी संस्था. विकास दिलावरी हे संवर्धन वास्तुविशारद होते. पुढे संग्रहालयासाठी वेगळा ट्रस्टही झाला.

माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातली सर्वात अनुकरणीय गोष्ट हा करारच आहे, वर्ख नव्हे. कारण कोणत्या निर्णयाला कोणाची सही लागेल हे आधी ठरलं नाही तर छपराच्या एका सांध्यासाठी फाइल तीन खात्यांत फिरते आणि तेवढ्यात मिरग उजाडतो. शिवाय मुंबईत वारसा यादीतल्या इमारतींना श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीच्या इमारतीत आत किंवा बाहेर, तिचं आयुष्य वाढवण्यापुरताच हात लावता येतो, तोही वारसा समितीच्या संमतीनं. यादीतल्या इमारतींसाठी अशी नियमावली मुंबईत १९९५ पासून आहे.

पैसे देणारे आता पूर्वीपेक्षा सापडतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चायला सांगितली आणि त्या यादीत ऐतिहासिक वास्तूंचं जतनही आहे. शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कामाला टीसीएस फाउंडेशनचा आधार होता.

## सगळ्यात कमी दर, त्याला काम: यात चूक काय?

रस्त्याच्या डांबरीकरणात फारशी चूक नाही, कारण किती घनमीटर काय लागणार ते आधी कळतं. जुन्या छताचं लाकूड किती कुजलंय ते छत उघडल्यावरच कळतं. अशा कामाला एकरकमी कमी आकडा भरणारा ठेकेदार दोनच गोष्टी करू शकतो: कुजलेलं लाकूड झाकून टाकतो किंवा अर्ध्यावर ‘जादा काम’ म्हणून बिल लावतो. त्यापेक्षा बाबनिहाय दर ठरवावेत, न दिसणाऱ्या नुकसानीसाठी वेगळी राखीव रक्कम ठेवावी, आणि दर उघडण्याआधी प्रत्येकाकडून भिंतीवर एक चौरस मीटरचा नमुना करून घ्यावा. चुन्याचा तो तुकडा महिन्यानं बघितला की कोणाला काम येतं ते वेगळं विचारावं लागत नाही. अर्थात लेखापरीक्षणाला हे उत्तर द्यायला सोपं नाही, हेही मान्य. म्हणून नमुन्याला गुण किती, ते निविदेतच छापलेलं हवं.

## एवढ्यात नवी इमारत झाली असती की!

झाली असती, कदाचित स्वस्तातही. पण भाऊ दाजींच्या काळात लोकवर्गणीचा घाट घालून, नाना शंकरशेटांसारख्यांनी अध्यक्षपद घेऊन उभी केलेली इमारत त्यातून परत आली नसती. गोव्यातल्या मांद्र्यात जन्मलेला एक डॉक्टर मुंबईच्या संग्रहालयासाठी खस्ता खातो, ही गोष्ट त्या इमारतीतच सांगण्यासारखी आहे. राहिला उशिराचा मुद्दा. ॲमस्टरडॅमचं रिक्स म्युझियम श्रीमंत देशाचं, तरी २००३ मध्ये बंद झालेली मुख्य इमारत उघडली एप्रिल २०१३ मध्ये, नियोजनाच्या कितीतरी पुढे जाऊन. इमारतीच्या पोटातून जाणारा सायकलींचा रस्ता ठेवायचा की नाही, यावर सायकलवाल्यांनी घातलेला वाद हेही त्यातलं एक कारण.

आणखी एक सूचना नेहमी येते: सगळीकडे एसी लावा. भर पावसाळ्यात दिवसा एसी आणि रात्री बंद, यानं ओलावा रोज वर-खाली होतो, आणि वस्तूंना सततच्या दमटपणापेक्षा हा झोका जास्त घातक. शिवाय डक्टसाठी भिंती फोडायच्या. नाजूक वस्तूंपुरती बंदिस्त कपाटं करून त्यांच्यात हवा स्थिर ठेवणं जास्त शहाणपणाचं.

## मग पंधरा वर्षांत पुन्हा काम का?

कारण छपराचे सांधे, पन्हाळीचे जोड, बाहेरचा गिलावा यांचं आयुष्य ठरलेलं असतं आणि समुद्राकाठी ते आणखी कमी. चांगल्या संवर्धनानं दगड आणि लाकूड शंभर वर्षं पुढे जातं, सांधे जात नाहीत. ते बदलत राहायचे असतात. आणि बदलले नाहीत तर सहा हजारांचं काम चार पावसाळ्यांत काही लाखांचं होतं. पन्हाळीत पिंपळाचं रोप धरलं, तेव्हा ते बोटांनी उपटता येतं. मूळ भिंतीत शिरलं की दगड काढावे लागतात.

देखभालीला पैसा मिळत नाही याचं कारण साधं आहे: पन्हाळी साफ केल्याचा संगमरवरी फलक कोणी लावत नाही. म्हणून मोठी देणगी घेतानाच तिचा एक हिस्सा कायम ठेवीत टाकून व्याजावर देखभाल चालवायची अट घालावी. पालिकेच्या अंदाजपत्रकात या कामाचं वेगळं शीर्ष असावं, ‘इतर किरकोळ’मध्ये नव्हे.

आणि छपरावर कोण चढणार त्याचं नाव ठरलेलं असावं. मे संपायच्या आत त्यानं पन्हाळी साफ करायच्या, पाइपात बादलीभर पाणी ओतून ते खाली येतं का बघायचं, सुटलेली कौलं-पत्रे बसवायचे. पहिल्या मोठ्या पावसात दालनांतून फिरायचं आणि डाग दिसेल तिथे इमारतीच्या नकाशावर तारखेसकट खूण करायची. तीन-चार पावसाळ्यांचे असे नकाशे शेजारी मांडले की पुढची दुरुस्ती कोणत्या कोपऱ्यातून निघणार ते निविदा काढायच्या कितीतरी आधी कळतं.